आधी फोटो, मग कागद

“आपणच बांधायचं आणि आपल्यालाच सुटू नये, काय म्हणावं या हातांना,” ती बाई स्वतःशीच पुटपुटत होती. माझ्या टेबलाला इतकी चिकटून उभी होती की तिच्या बांगड्या माझ्या की-बोर्डवर वाजत होत्या. हातात जुन्या परकराच्या कापडाचं गाठोडं आणि त्याला एकावर एक तीन गाठी. शेवटची गाठ तिनं दातानं सोडली. आत एक हार्ड डिस्क होती, पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी पांढरी झालेली.

“पिठाच्या डब्यातनंच काढलीय,” माझी नजर बघून ती म्हणाली.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. बार्शीत भाजी मंडईच्या मागं आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आमचं म्हणजे ह्यांचं. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि मनगटं मोकळी झाली, तसं ह्यांचं टेबल अर्धं रिकामं झालं. त्या अर्ध्या टेबलावर मी बंद पडलेले कॉम्प्युटर मांडले. शिकवलं कुणी नाही. इंग्रजी मासिकं रद्दीतून आणायची, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि दुपारभर वाचत बसायचं. ह्यांचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर मला उपयोगी पडले आणि माझी चिकाटी, ह्यांच्या म्हणण्यानुसार, कुणालाच नाही. पण हार्ड डिस्कवर माझा हात बसला होता. दुसऱ्या दुकानांनी ‘टाकून द्या’ म्हटलेल्या डिस्का फिरून फिरून माझ्याकडं यायच्या.

“काशीदांच्या घरची मी,” ती म्हणाली. “बी-बियाणांचं दुकान आहे बघा, नानासाहेब काशीद.”

डोळ्याला भिंग लावून बसलेल्या ह्यांनी मान वर केली. “वहिनी, बसा की,” एवढं म्हणाले आणि परत घड्याळात घुसले.

“घरचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं नवी बसवली आणि म्हणाला, ही टाका, हिच्यावर बॅड सेक्टर पडलेत. मी टोपलीतनं उचलली.”

“आणि पिठात का ठेवली?”

“पिठाच्या डब्यात कोण हात घालतंय माझ्याशिवाय.”

मला पहिला राग त्या दुरुस्तीवाल्याचा आला. बॅड सेक्टर पडले म्हणजे डिस्क कचरा झाली, असं सांगणारी ही माणसं पायाला फोड आला तर पाय कापायला सांगतील. राग बाजूला ठेवून मी ब्रशनं पीठ झाडायला घेतलं.

“काय आहे हिच्यात?”

“मिनूचं आहे. मीनाक्षी, आमची मुलगी. तिचे कागद आहेत. फोटोपण आहेत.” मग जरा थांबून ती म्हणाली, “ती गेली ना, फेब्रुवारीत.”

माझा ब्रश थांबला.

“वय काय होतं वहिनी?”

“तेविसावं लागलं होतं.”

“आजारी होती?”

“छे. धडधाकट होती. नर्सिंग केलेलं तिनं.”

“मग असं अचानक?”

“अचानकच म्हणायचं. रात्री जेवली, माझ्याजवळच झोपली. सकाळी उठून बघते तर…” तिनं पदर तोंडाला लावला. “मला काही कळूच दिलं नाही पोरीनं.”

“कुणाच्या हातात नसतं हे.”

“तेच तर. पण ह्यांना कोण सांगणार. घरात तिचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणतात.”

“पुरुषमाणसांचं तसंच असतं,” मी म्हणाले. “आतल्या आत रडतात.”

तिनं माझ्याकडं जरा चमकून पाहिलं. काहीतरी बोलणार होती, ते गिळलं. पलीकडं ह्यांच्या हातून चिमटा पडल्याचा आवाज आला. हे माझ्यापासून तीन हातांवर बसून यातला शब्द न् शब्द ऐकत होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

मग मी तिला डिस्क समजावून सांगितली. मला ते आवडतं, आणि रडवेल्या माणसाला काहीतरी समजावून सांगितलं की तो सावरतो, असा माझा अनुभव आहे. म्हटलं, आत एक गोल गुळगुळीत ताट असतं, ते फिरतं. ताटावर वर्तुळं आखलेली, वर्तुळांचे बारीक तुकडे पाडलेले. प्रत्येक तुकड्यात चिमूटभर मजकूर. एखादा तुकडा वाचता येईना, की त्याला बॅड सेक्टर म्हणतात. असे एक-दोन सगळ्याच डिस्कांत असतात. डिस्क गुपचूप ती जागा वगळते, राखीव ठेवलेल्या जागेतली दुसरी वापरते आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. आपल्याला कळतं तेव्हा राखीव जागा संपलेली असते.

“म्हणजे आधीपासून बिघडत असते,” ती म्हणाली.

“बरेच दिवस. बाहेरून सगळं ठीक दिसतं.”

“आणि मग दुरुस्त होते?”

“नाही. दुरुस्त करायच्या नादाला लागायचंच नाही. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला की ती खराब जागीच घासत बसते, आणि होती ती चांगली जागापण जाते. हिच्यात थोडाच जीव उरलाय. तेवढ्यात जे निघेल ते दुसरीकडं उतरवून घ्यायचं. म्हणून विचारते, आधी काय काढू?”

तिनं ह्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. “सगळंच काढा ताई. कागद तेवढे नक्की.”

“समजलं,” मी म्हणाले.

मला सगळं लगेच समजतं, हा माझा जुना दोष आहे. मला समजलं ते असं: आईला फोटो हवेत, पण तोंडातून तो शब्द निघत नाही, म्हणून ती कागद म्हणते. गेलेल्या पोरीच्या मार्कलिस्टचं कोण काय करणार.

“घरी फोन करू नका, मीच येईन,” जाताना ती म्हणाली. त्याचाही अर्थ मी लावला. म्हटलं, घरात नाव निघालं की नानासाहेबांना सोसत नसेल.

पुढचे आठ दिवस मी त्या डिस्कची आजारी माणसासारखी शुश्रूषा केली. एक उघडा कॉम्प्युटर बाजूला घेतला, डिस्कखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि टेबल-फॅन तिच्याकडं वळवला. एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यात एक छोटा प्रोग्राम होता. तो शहाणा होता. वाचता न येणाऱ्या जागी हट्ट न करता पुढं जायचा आणि कुठं अडलं ते टिपून ठेवायचा. पडद्यावर चौकोन भरत जायचे, चांगल्याला हिरवे आणि वाईटाला लाल. वीस मिनिटं झाली की डिस्क तापायची आणि आतून टक, टक, टक असा आवाज सुरू व्हायचा. मग बंद करायची, तासभर विश्रांती द्यायची आणि परत सुरू करायची. दिवसातून पाच-सहा वेळा असं जमायचं, त्याच्यापुढं ती नाव घेऊ द्यायची नाही.

फोल्डर दोन होते. एकाचं नाव ‘फोटो मिनू’ आणि दुसऱ्याचं ‘स्कॅन’. मी ‘फोटो मिनू’ घेतलं.

एकेक फोटो उतरत गेला तशी ती पोरगी मला ओळखीची होत गेली. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या आणि ही त्यांच्या मधोमध छत्री घेऊन राखणीला बसलेली. स्कूटी शिकताना पडली, त्याच्या खुणा गुडघ्यावर, आणि त्या खुणांचाच फोटो काढलेला. नर्सिंगच्या शपथेच्या दिवशी पांढरा युनिफॉर्म, हातात मेणबत्ती, आणि मेण बोटावर सांडल्यामुळं वाकडं झालेलं तोंड. मी एकटीच हसायचे. मग आठवायचं आणि पदरानं डोळे पुसून पुढचा फोटो घ्यायचे.

“बघा तरी कसली गोड पोरगी,” मी ह्यांना म्हणायचे.

“हं,” हे म्हणायचे.

“तुम्ही ओळखत होता ना त्यांना? तुमच्या काळजाला काहीच होत नाही?”

“घड्याळ उघडलंय गं, बोलू नको.”

कॉलेजच्या गॅदरिंगचा दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ होता, लेझमाचा. मीनाक्षी दुसऱ्या रांगेत. तो नेमका लाल चौकोनांतून गेलेला. मी म्हटलं, ती हलताना-चालताना दिसेल असं एवढंच आहे, हे तर काढलंच पाहिजे. त्याला पुरते दोन दिवस गेले. एकेक तुकडा पुढून जमेना तेव्हा मागून वाचला. शेवटी व्हिडिओ लागला, मध्ये दोनदा अडखळला, पण लागला. मी ह्यांना हाताला धरून उठवून दाखवला. ह्यांनी उभ्या उभ्या बघितला आणि पाणी प्यायला गेले.

निळ्या स्वेटरमधला एक मुलगा बऱ्याच फोटोंत कडेला होता. कधी नुसता खांदा, कधी अर्धा चेहरा. दोन फोटोंत तो आणि ती, दोघंच. ते मी वेगळे ठेवले. म्हटलं, आईला आता कशाला नवा घोर.

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी काशीदवहिनी आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर एकेक फोटो लावत गेले. त्या पडद्याला हात लावून बघत होत्या. कुरडयांच्या फोटोला हसल्या. मेणबत्तीच्या फोटोला म्हणाल्या, “भाजलं होतं, फोड आला होता.” लेझीम तीनदा बघितलं. मला फार बरं वाटत होतं, ते कबूल करते. असं काम हातून झालं की माणूस स्वतःवर खूश होतो.

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “आणि कागद?”

“ते नाही घेतले अजून. फोटोतच डिस्क फार थकली. बघू सावकाश, कागदांची काय घाई आहे.”

“घाई आहे ताई. काल निरोप आला. गुरुवारी द्यायचेत तिला.”

“कुणाला?”

“मिनूला.”

पंखा डिस्कवर फिरत होता. मी तो बंद केला, का ते मला सांगता येणार नाही.

“वहिनी,” मी म्हणाले, “ती गेली ना?”

“गेली की. फेब्रुवारीत.”

“म्हणजे कुठं गेली?”

आता त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “लग्न करून गेली ताई. पुण्याला आहे. तुम्हाला…” त्यांचा हात तोंडावर गेला. “मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही जपून बोलत होता, म्हणून मीपण जपून बोलले.”

मी एकेक आठवत होते. आजारी होती का. अचानक झालं का. कुणाच्या हातात नसतं. आणि ती बिचारी प्रत्येक प्रश्नाला खरंच उत्तर देत होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं, दाराकडं बघत बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. मुलगा दुसऱ्या जातीचा, तिच्या कॉलेजातला, लॅबमध्ये काम करणारा. नानासाहेबांनी तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी भटजी बोलावले, पोरगी गेली म्हणून जाहीर केलं आणि पुढं तेरावंसुद्धा घातलं. त्या दिवशी सकाळी तिची फाइल काढली. दहावी, बारावी, नर्सिंगचा डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. एकेक कागद बंबात घातला.

“बंबात?”

“पाणी तापवायच्या. आणि त्या पाण्यानं आंघोळ केली. सुतक फिटलं म्हणाले.”

पुण्यात एका दवाखान्यात तिची निवड झाली होती, पण गुरुवारी कागद दाखवल्याशिवाय हजर करून घेणार नव्हते. नव्या नकलांसाठी अर्ज केला होता, त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगत नव्हतं. नवऱ्याची नोकरी सुटलेली. तिनं गेल्या वर्षी हौसेनं सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवले होते आणि तिला तेवढं आठवत होतं. बुधवारी दुपारच्या गाडीनं तिची एक मैत्रीण पुण्याला निघणार होती. तिच्या हातात छापील प्रती आणि सीडी दिली तर गुरुवारी पोचतील. आमच्या दुकानात इंटरनेट तेव्हा नव्हतं, आणि वहिनींच्या घरी असतं तरी काय उपयोग होता.

“उद्या अकराला या,” मी म्हणाले. “काढते.”

मी ‘काढते’ म्हणाले खरं, पण काय उरलं होतं ते मला माहीत होतं. त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना ते बाजूला ठेवलेले दोन फोटो दाखवले. निळ्या स्वेटरचा मुलगा.

वहिनी वाकून बघत राहिल्या. “हा होय,” म्हणाल्या. “मी बघितलाच नव्हता. बरा दिसतो की.”

त्या पायरी उतरल्या तशी मी ह्यांच्याकडं वळले.

“तुम्हाला माहीत होतं.”

ह्यांनी भिंग काढलं नाही. एक डोळा मोठा आणि एक बारीक, तसेच बसून राहिले.

“मी त्या बाईला विचारते, आजारी होती का. तुम्ही इथं बसून ऐकता. मी आठ दिवस रडते. तुम्हाला हाताला धरून लेझीम दाखवते. तुम्ही पाणी प्यायला जाता.”

“मला वाटलं तुला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं असेल मला?”

“सांगायचं काय त्यात. सगळ्या गावाला माहीत होतं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

ह्यांनी चिमटा उचलला आणि परत खाली ठेवला.

“कसं कळलं?”

“तेराव्याला गेलो होतो,” हे म्हणाले. “व्यापाऱ्यांना सगळ्यांना बोलावणं होतं. नाही कसं म्हणायचं.”

“जेवलात?”

“पानात वाढलं होतं.”

“काय होतं?”

“काय म्हणजे?”

“पानात काय होतं? जिवंत पोरीच्या तेराव्याला काय करतात, मला कळू दे.”

“बुंदीचे लाडू होते,” हे हळूच म्हणाले. “घरी आलो तेव्हा बोललो होतो मी तुला. काशीदांची पोरगी गेली म्हणून. तू म्हणालीस, अरेरे.”

मला ते आठवतही नव्हतं. भाकरी थापता थापता मी ‘अरेरे’ म्हटलं असणार आणि पुढची भाकरी घेतली असणार. ह्यांनी खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. दोनशे माणसं जेवून उठली आणि एक शब्द असा सापडला होता की कुणाला खोटं बोलायला लागू नये. आपल्याकडं लाइट जाते, गाडी जाते, डिस्क जाते, पोरगी जाते. माझ्या अंगाची आग झाली होती, आणि तिच्यातली अर्धी माझ्यावरच होती, कारण ती बाई पहिल्या दिवशी ‘कागद तेवढे नक्की’ म्हणाली होती आणि मी तिच्या वतीनं ‘फोटो’ ऐकलं होतं. डिस्कच्या अंगातले दोन दिवस मी लेझमावर उधळले होते.

‘स्कॅन’मध्ये पाच फाइल होत्या. मंगळवारी दुपारी पहिली घेतली, दहावीची. अख्खी हिरवी गेली. बारावीची अर्ध्यात अडली, पंधरा मिनिटं टकटक, मग आली. मी डिस्क बंद केली, दीड तास तशीच ठेवली. त्या काळात लोक अशा डिस्का प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे. मी कधी ठेवली नाही, आत दमट झालं की उरलंसुरलंही जातं. त्या दिवशी मात्र घरचा फ्रिज मला दोनदा आठवला. संध्याकाळपर्यंत डिप्लोम्याची दोन्ही पानं उतरली. आता तिला चालू केल्यावर सात-आठ मिनिटंच मिळत होती.

“चहा घे,” हे म्हणाले. मी घेतला नाही. तो गार झाला, मग ह्यांनीच प्यायला.

राहिलं होतं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. नर्सला तोच कागद लागतो, बाकीचे चार त्याच्या पाठीमागं उभे. बुधवारी सकाळी सहालाच दुकान उघडलं. पहिल्या दोन वेळा डिस्क ओळखूच आली नाही. तिसऱ्यांदा आली. मी प्रोग्रामला सांगितलं, मोठा घास घेऊ नको, एकेक सेक्टर वाच, आणि न जमला तर एकदाच विचारून सोडून दे. हिरवा, हिरवा, हिरवा, लाल. हिरवा, लाल, लाल. साडेनऊला आतलं ताट फिरायचं थांबलं. मी कानाशी धरली. काही नाही.

फाइल उघडली. अशा तुटलेल्या फोटोचं एक असतं, वरून जेवढं मिळालं तेवढं दिसतं आणि खाली राखाडी पट्टा येतो. वरती कौन्सिलचं नाव होतं, मीनाक्षीचा छोटा फोटो होता, तिचं पूर्ण नाव होतं आणि रजिस्ट्रेशन नंबर होता. शेवटचा आकडासुद्धा. त्याच्या खाली सही-शिक्का सगळं राखाडीत बुडालेलं. नंबर हातात असला की खरंखोटं कुणालाही कौन्सिलला विचारता येतं. निदान मी स्वतःला तसं समजावलं. पाचही छापले, सीडी केली आणि पाकिटात घातलं.

पावणेअकराला नानासाहेब काशीद दुकानाची पायरी चढले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मी त्यांना दहादा बघितलं असेल, सभ्य माणूस, कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता.

“वहिनी, आमचं काहीतरी आहे म्हणे तुमच्याकडं. दिगंबरराव बोलले शनिवारी, कटिंगच्या दुकानात.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांचे कान लाल झाले होते. शनिवारी, म्हणजे मी लेझमात गुंतले होते तेव्हा. मंगळवारी सगळं कळूनही हे त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

“तुमची जुनी डिस्क आहे,” मी म्हणाले.

“द्या ती. उगीच कशाला कुणाला त्रास.”

मी टॉवेलवरची डिस्क उचलून त्यांच्या हातात दिली. “बंद पडली आज सकाळी. आता ती फिरतच नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले. डिस्क त्यांनी पिशवीत घातली. “काही काढलं का तिच्यातनं?”

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी नानासाहेबांना बघितलं आणि त्यांचा पाय पायरीवरच राहिला. मला वाटलं, आता माघारी फिरतील. त्या वर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“झालं का ताई?”

मी पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही, पिशवीत टाकलं आणि पिशवी छातीशी धरली.

“काय आहे त्यात?” नानासाहेबांनी विचारलं.

वहिनींनी पिशवी आणखी घट्ट धरली.

“मी विचारतोय काहीतरी.”

“कागद.”

“कुणाचे?”

दुकानात मंडईतला हणमंत माळी गजराच्या घड्याळाला सेल घालून घ्यायला बसला होता. तोही तेराव्याला जेवलेला असणार, कारण तो एकदम छताकडं बघायला लागला.

नानासाहेब माझ्याकडं वळले. आवाज समजुतीचा होता, मास्तर गणित सोडवून दाखवतात तसा. “वहिनी, आमची मुलगी गेली. सगळ्या गावानं येऊन हात धुतलेत आमच्याकडं. गेलेल्या माणसाला कागद कशाला लागतात, तुम्हीच सांगा हिला.”

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. माझं वाक्य मंगळवारपासून तयार होतं. बोलायला मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं सगळी मंडई म्हणते. पण त्या वेळी मी टेबलावरचा रिकामा टॉवेल घडी करत होते. आधीच घडी केलेला टॉवेल.

ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि उघड्या घड्याळाशेजारी ठेवलं. उठून उभे राहिले. गिऱ्हाइकासमोर उभं राहून बोलताना मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं.

“नाना, मी जेवलो तुमच्याकडं,” हे म्हणाले. “दोन लाडू खाल्ले.”

“बसा दिगंबरराव.”

“नाही बसत.” ह्यांनी टेबलाची कड धरली. “ती जिवंत आहे नाना. मीनाक्षी जिवंत आहे.”